हवालदारांची राहून गेलेली पदके

गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, तेव्हा हवालदार टाकीच्या शेजारीच उभे होते. कॉक हाताच्या अंतरावर होता. त्यांनी तो फिरवला नाही. ते जिना उतरून खाली आले आणि वॉचमनला सांगितले. वॉचमन पंपवाल्याला शोधायला गेला. पंपवाला सापडेना, म्हणून हवालदार सेक्रेटरींच्या दारात गेले आणि सरळ उभे राहून म्हणाले, “टाकी ओव्हरफ्लो होते आहे. आपल्या माहितीसाठी.” तोवर मागच्या गल्लीत घोटाभर पाणी साचले होते. सेक्रेटरी वैतागून म्हणाले, अहो, कॉक बंद करून यायचं ना. हवालदारांनी शांतपणे सांगितले, “कॉकचा चार्ज माझ्याकडे नाही.” सैन्यातली सगळी नोकरी या गृहस्थांनी मेकॅनिक म्हणून केली होती.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत, मी तिसऱ्या. नवे भाडेकरू त्यांना पोलिसातले हवालदार समजत आणि पार्किंगच्या भांडणात बोलावून नेत. ते जात, दोन्ही बाजू पूर्ण ऐकून घेत, हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही असे सांगत आणि परत येत. भांडणारे दोघे मग काही काळ एकमेकांना सोडून त्यांच्यावर चिडत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, याबद्दल जिन्यातच बोलत. “ह्येंका आग लागली तरी आधी विचारतीत, बंबवाल्यांचो साहेब कोण,” असे त्या एकदा माझ्याकडे म्हणाल्या. हवालदार मागेच उभे होते. त्यांनी ते नाकारले नाही.

मी बरीच वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत. इमारतीत याचा अर्थ एकच होता: हिला अर्ज लिहिता येतात. त्यामुळे एका रविवारी हवालदार फाइल घेऊन आले याचे नवल वाटले नाही. बसा म्हणेपर्यंत ते बसले नाहीत. दोन पदके राहिली आहेत, म्हणाले, रेकॉर्ड दुरुस्त करून घ्यायचे आहे. एक बर्फावरच्या सेवेचे, दुसरे अतिउंच प्रदेशातल्या सेवेचे. कोटावर लावायला हवीत का, असे मी विचारले. “नाही मॅडम,” ते म्हणाले. “दादाला दाखवायची आहेत.”

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर चेंबूरला एका कँटीनमध्ये, आणि आता गोवंडीला मुलाकडे. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारण त्यांच्या आईचे मरण. त्यांच्या घरात वडिलांना अग्नी थोरल्याने द्यायचा आणि आईला धाकट्याने, अशी रीत होती. आई सिंधुदुर्गातल्या घरी वारली तेव्हा धाकटा मुलगा सैन्यात होता. दादांनी तार केली. सैनिकाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते, नुसता पोस्टाचा क्रमांक असतो. तार गेली आणि उत्तर आले नाही. घरच्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग दादांनीच अग्नी दिला.

तार पोचली होती, पण पंजाबातल्या छावणीत. हवालदारांची तुकडी तिथे होती. हवालदार तिथे नव्हते. त्यांना बर्फावरच्या एका पायदळ पलटणीबरोबर तात्पुरते पाठवले होते. तिथे बर्फावरून चालणाऱ्या स्कूटर आणि जनरेटर चालू ठेवण्याचे काम होते. हवा बिघडली की हेलिकॉप्टर येत नाही, आणि टपालही येत नाही. तार त्यांच्या हातात पडली तेव्हा तेरावा होऊन गेला होता. पुढे रजेवर घरी गेल्यावर दादांनी विचारले, कुठे होतास. कुठे आहोत हे कोणाला सांगायचे नाही, असा हुकूम होता. ते म्हणाले, “ड्युटीवर.” दादांनी तेवढ्यावर भागवून घेतले. निवृत्तीनंतर कुठल्याशा कामात हवालदारांच्या सेवेचे पुस्तक दादांच्या हाती आले. त्यात त्या महिन्यांपुढे पंजाबातल्या छावणीचे नाव होते, कारण तात्पुरत्या नेमणुकीची नोंद करायचे कोणाच्या तरी हातून राहून गेले होते. पंजाबातून रेल्वेने दोन दिवसांत घर गाठता येते, एवढे गिरणीत काम केलेल्या माणसालाही कळते. दादांनी पुस्तक मिटून परत दिले. त्यानंतर ते भावाशी बोलले नाहीत.

मी म्हटले, मग आज गोवंडीला जा आणि सांगा. अर्ज नंतर करू. हवालदारांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी टाकीचा कॉक परस्पर फिरवायला सांगत होते. “कागदावर पंजाब आहे,” ते म्हणाले. “तोंडाने बर्फ सांगितलं तर तो बहाणा होतो. आधी कागद दुरुस्त. मग दादा.” हे वाक्य पुढच्या काळात मी इतक्यांदा ऐकले की त्याला उत्तर देणे सोडून दिले.

अर्ज लिहिणे हे माझे काम, असा माझा समज होता. तो पहिल्या मसुद्यालाच गेला. मी ‘खडतर हवामानात’ असे लिहिले होते. त्यांनी ‘खडतर’ खोडले. हवामानाचा निर्णय वरच्यांनी घ्यायचा. मी ‘सलग’ लिहिले होते. तेही खोडले. मधे एक जनरेटर घेऊन ते दोन आठवडे खाली तळावर आले होते, ते वजा करायला हवेत. मी म्हटले, दुरुस्तीला गेला होतात, कामासाठीच ना. “खाली ते खाली,” म्हणाले. काकूंच्या भाच्याने गोळीबाराचा एक परिच्छेद मोबाइलवर पाठवला होता. तो हवालदारांनी पूर्ण वाचला आणि सांगितले की त्या दिवसांत त्यांच्या बाजूला शत्रूने एकही गोळी झाडली नव्हती, अर्जात तसे घालायचे असेल तर घाला. घातले नाही. शेवटी उरला तो अर्ज इतका कोरडा होता, की डेस्कवर मला कोणी दिला असता तर मी बातमीदाराला परत बोलावले असते.

उत्तर आले: नोंद आढळत नाही, पुरावा जोडावा. मी माहितीच्या अधिकाराचा रस्ता सुचवला. ती तक्रार झाली, म्हणाले. मी वरिष्ठ कार्यालयाला थेट लिहू म्हटले. ‘थेट’ या शब्दावर त्यांनी मान हलवली; अर्ज त्यांच्या जुन्या तुकडीमार्फत जायला हवा, आणि तुकडी आता कुठे आहे हे विचारणारा अर्ज त्याआधी जायला हवा. मी शेवटी म्हटले, माझा एक जुना सहकारी अजून वर्तमानपत्रात आहे, चार ओळींची बातमी आली तर कागद हलतील. हवालदार उठून उभे राहिले. चहा अर्धा होता. “फौजेची गोष्ट पेपरात?” एवढेच म्हणाले आणि गेले. पुढचे काही दिवस जिन्यात भेटले की ते मला ‘नमस्कार’ म्हणत, ‘नमस्कार मॅडम’ नव्हे.

पुरावा त्यांच्या पायात होता, हे मला काकूंनी दाखवले. हवालदार घरातही मोजे घालत. त्या दिवशी मोजे वाळत होते आणि डाव्या पायाच्या दोन बोटांची टोके नव्हती. हिमदंश. बोटे पंजाबात परतल्यावर छावणीच्या इस्पितळात कापावी लागली होती, म्हणजे इस्पितळाची नोंद असणार, आणि पंजाबातल्या छावणीत बसून कोणाला हिमदंश होत नाही. मी फाइल उघडली. हवालदार म्हणाले, काही उपयोग नाही, तिथे ‘पायावर जनरेटर पडला’ असे लिहिले आहे. कोणी लिहिले? “मीच सांगितलं तसं लिहायला.”

त्याचे कारण त्यांनी मला दोनदा समजावले. बर्फावर हिमदंश हा निष्काळजीपणा धरला जाई. जवानाने मोजे बदलले की नाही, हे पाहणे अधिकाऱ्याचे काम. जवानाची बोटे गेली की अधिकाऱ्याला जाब विचारत. चौकीवरचा कॅप्टन नवीन होता, वयाने हवालदारांपेक्षा लहान, आणि त्याचे पहिलेच पोस्टिंग होते. मोजे भिजले होते ते हवालदार चालू मशीन सोडून उठले नाहीत म्हणून. तेव्हा कागदावर जनरेटर पडला. मी म्हटले, काका, तुम्ही बर्फावर होतात याचा एकमेव सरकारी पुरावा तुम्ही स्वतः पुसलात. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “तेव्हा पुराव्याची गरज नव्हती.” आता तरी त्या कॅप्टनचा पत्ता शोधू, असे मी म्हटले. त्यावर काकूंनी हातातली भाजीची सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहत मला विचारले, ह्येंनी तुका सांगूक नाय?

सांगितले नव्हते. तो कॅप्टन आता निवृत्त कर्नल होता, देहरादूनला राहत होता, आणि दर एक जानेवारीला सकाळी हवालदार त्याला फोन करत. दर वर्षी. हवा कशी आहे, तब्येत कशी आहे, जय हिंद. मी किती शांतपणे विचारले ते आठवत नाही, पण विचारले की एवढ्या वर्षांत एकदाही हा विषय का काढला नाही. “साहेबांना स्वतःच्या कामासाठी फोन करायचा नसतो,” हवालदार म्हणाले. त्यांचा आवाज असा होता, की ही गोष्ट सांगावी लागते याचेच त्यांना आश्चर्य वाटत होते.

काकूंनी दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेल्यावर मला खाली बोलावले. फोन लावून स्पीकरवर ठेवला. मोडक्या हिंदीत त्यांनी आपण कोण ते सांगितले आणि पुढचे ही सांगेल म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी तारखा सांगितल्या, तार सांगितली, भाऊ सांगितला. बोटांचे मी टाळले होते. ते काकूंनी मागून मोठ्याने सांगितले. मग कर्नल म्हणाले, “हर साल फोन करता है. मौसम पूछता है. यह बात एक बार नहीं बोला.” आणि पत्ता मागितला.

प्रमाणपत्र आठवड्याभरात आले. कर्नलनी बोटांची हकिकतही जशी होती तशी लिहिली होती, आपल्याला ती तेव्हापासून माहीत होती हेही लिहिले होते. ते वाचून हवालदारांनी जेवताना काकूंकडे आमटी मागितली नाही. वाटी पुढे सरकवली फक्त. काकू मला म्हणाल्या, रागावलेत ना, रागावू देत, मीठ मागूक उठतीत तेव्हा बोलतीत. दोन दिवसांनी ते मीठ मागायला बोलले आणि प्रमाणपत्र जुन्या तुकडीमार्फत, रीतसर, रवाना झाले.

यात पावसाळा गेला, दिवाळी गेली. गोवंडीहून दादांच्या मुलाचा काकूंना फोन येई: डोळ्यांनी दिसत नाही फारसे, जेवण कमी झाले आहे. काकू हे हवालदारांना ऐकू जाईल असे मला सांगत. ते फाइल पुढे ओढत आणि पोचपावती बघत.

शेवटी पाकीट आले. दोन पदके लहान डब्यांत, आणि दुरुस्त केलेल्या नोंदीचा कागद. पलटणीचे नाव, प्रदेश, कधीपासून कधीपर्यंत. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. हवालदारांनी चष्मा लावून कागद वाचला, परत वाचला, आणि टेबलावर ठेवला. “चूक आहे,” म्हणाले. तळावर काढलेले ते दोन आठवडे वजा झाले नव्हते. अर्जात वजा करून दिले होते, कर्नलच्या प्रमाणपत्रात नव्हते, आणि कार्यालयाने प्रमाणपत्र प्रमाण मानले होते. दोन आठवडे वजा केले तरी दोन्ही पदके मिळतच होती. मी ते हिशेब करून दाखवले. त्यांनी मान्य केले. आणि म्हणाले, आधी ही दुरुस्ती करून घेऊ, मग दादा.

मी या प्रसंगाचे वर्णन करणार नाही. काकू जे बोलल्या ते बहुतेक मालवणीत होते आणि त्यातले निम्मे छापण्यासारखे नव्हते. सार असे की तिकडे माणूस दिसेनासा होत चालला आहे, आणि हे आठवड्यांचा हिशेब करत बसले आहेत. रिक्षा खाली उभी आहे. यायचे तर या, नाहीतर मी कागद घेऊन एकटी जाते. हवालदारांनी कोट घातला. पदके कोटाला लावली नाहीत; खिशात ठेवली. काकूंनी मलाही बरोबर घेतले, कारण त्यांच्या मते कागदाचे काही विचारले तर सांगायला कोणीतरी शहाणे माणूस हवे होते.

गोवंडीचे घर एका खोलीचे होते, वर पोटमाळा. दादा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. सुनेने सांगितले, मुलुंडचे काका आलेत. हवालदार खाटेपाशी गेले, सरळ उभे राहिले आणि इतक्या वर्षांनी थोरल्या भावाशी बोलले, ते हे: “दादा, कागद आणलाय. त्यात दोन आठवडे जास्त लागलेत. ते धरू नको.”

दादांनी कागद हातात घेतला, पण दिसत नव्हता. त्यांनी तो मला दिला. मी वाचून दाखवला: पलटण, प्रदेश, महिने. त्यातच आईच्या मृत्यूची तारीख येते, हे सांगायची गरज पडली नाही. दादांनी हात पुढे करून कागद परत घेतला.

“पत्रात लिवलंस कित्याक नाय?”

“परवानगी नव्हती.”

“आणि मगे? घराक इल्यावर?”

हवालदार म्हणाले, “मगे कोणी सांगूक नाय, आता बोललं तरी चालात म्हणून.”

दादांनी डोळे मिटले. मला वाटले, आता ते रडतील. ते सुनेकडे वळून म्हणाले, ह्या येड्याक बसूक खुर्ची दी. तोपर्यंत हवालदार उभेच होते.

चहा झाला. दादा मग स्वतःहून त्या दिवसाचे बोलू लागले. हवालदारांना तो दिवस आजवर कोणी सांगितलेला नव्हता, कारण सांगू शकणारा एकच माणूस बोलत नव्हता. आई सकाळीच गेली, झोपेत. तिने कोणाचे नाव घेतले नाही. लोक तसे सांगतात, पण दादा तिथे होते, नाव घेतले नाही. ऊन चढले, मग कलले. गावातले लोक आणखी थांबायला तयार नव्हते. स्मशानात भटजींनी विचारले, अग्नी कोणाच्या हातून, नाव सांगा.

“मी तुझा नाव सांगलंय,” दादा म्हणाले. “हात माझो. नाव तुझा. आवशीचो अग्नी तुझो होतो.”

मग दादा जरा आवाज चढवून म्हणाले, की म्हणूनच तर संताप आला होता. इथे आपण याचे नाव लावले, आणि हा पंजाबात बसून होता, असे पुस्तकात लिहिलेले.

हवालदार खुर्चीत पुढे झाले. चेहरा गंभीर होता. “पण दादा,” ते म्हणाले, “मी तिथं नव्हतो. ते चुकीचं झालं.”

काकूंनी कपाळाला हात लावला. दादा हवालदारांच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले आणि म्हणाले, “होय. मगे आता कर अर्ज.”

आधी सून हसली, मग काकू. दादा हसता हसता खोकू लागले आणि हवालदारांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता. स्वतः हवालदार हसले नाहीत. अर्ज कोणाकडे करता येईल, याचा ते खरोखर विचार करत असावेत.

दोन आठवड्यांचा अर्ज मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून लिहून घेतला गेला, तुकडीमार्फत. त्यानंतर दर रविवारी हवालदार गोवंडीला जात. पितृपक्षात दोघा भावांनी आईचा म्हाळ एकत्र घातला. त्यासाठी दादांना गावी न्यायला गाडी करावी लागली, तिचे भाडे कोणी द्यायचे यावरही वाद झाला, असे काकूंनी सांगितले.

दादा आधी जातील असे सगळ्यांनी धरले होते. गेले हवालदार. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले होते. दोन आठवड्यांच्या अर्जाचे उत्तर तोवर आलेले नव्हते. मुलुंडच्या एका साप्ताहिकासाठी मी निधनाची बातमी लिहिली. आठ ओळी, एकही विशेषण नाही. दादा तेव्हा आमच्या इमारतीतच होते, काकूंकडे. मला बोलावून त्यांनी ती वाचायला लावली. मी वाचली: नाव, हुद्दा, दोन पदके, बर्फावरची सेवा किती महिने.

ते मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “ते दोन आठवडे काढलंस मा?”

काढले होते.